ड्रॅगनचा पंचनामा

महाराष्ट्र जिथे संपतो तिथे काहीतरी भव्यदिव्य असेल, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. तुमसरहून सिहोरा मागे टाकून बपेऱ्याला या, ती समजूत बावनथडीच्या पुलावर सोडून परत जाल. पुलाच्या अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडेही धानाच्या बांध्या. अलीकडच्या पानठेल्यावर खर्रा घोटताहेत, पलीकडच्याही घोटताहेत. अर्ध्या गावाच्या सोयरिकी बालाघाट जिल्ह्यात, त्यामुळे 'परराज्यात जाऊन येतो' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, 'सासरवाडीले जाऊन येतो' म्हणतात. इथे सरहद्द आहे हे आठवतं ते निवडणुकीत, पुलाजवळ नाका बसला म्हणजे.

पण ज्याला स्वतःचं काल्पनिक राज्य उभं करायचं असेल त्याला आमचा मुलूख आयता आहे. नदी आहे, सरहद्द आहे, सातपुड्याच्या टेकड्या आहेत, चिखल्याला जमिनीखाली मँगनीजची खाण आहे, चांदपूरचा तलाव आणि मारुती आहे. अंबागड तर याच कामासाठी बांधल्यासारखा. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या राज्यात, 1700 च्या सुमारास, राजाखान पठाणानं तो बांधला. पुढे भोसल्यांच्या अमदानीत तिथे कैदी ठेवत, आणि त्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी पाजून मारत, असं सांगतात. एखाद्या अमेरिकी कादंबरीकाराला अशी विहीर सापडली असती तर त्यानं तिच्यातून सहा खंड उपसले असते. आम्ही तिथे सहलीला जातो आणि डबा खाऊन येतो.

हा सगळा आयता माल आमच्या भाच्याच्या हाती लागला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. आमच्याकडून पुण्याला गेलेली पोरं पहिल्या दिवाळीला 'ण' घेऊन येतात, दुसऱ्या दिवाळीला चष्मा आणि तिसऱ्या दिवाळीला मतं. हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' घेऊन आला. मखमली पिशवीत सात फासे, एकही दुसऱ्यासारखा नाही, गुंडाळलेला नकाशा, आणि साठ पानांची वही. सपरीत बसून त्यानं जाहीर केलं, "मामा, मी एक जग बनवलंय."

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडायचं त्यानं जग बनवलं तर हरकत घेता येत नाही.

खेळ काय आहे तो थोडक्यात सांगतो, कारण मलाही थोडक्यातच कळला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, जिंकणं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीचे गोष्टीतले पराक्रमी पुरुष किंवा स्त्रिया होतात आणि 'मी दार फोडतो', 'मी मंत्र टाकते' असं बोलतात. दार फुटलं की नाही ते फासा सांगतो. गोष्टीचं जग कंपनीचं छापील विकत मिळतं. पण खरे भक्त ते घेत नाहीत. ते देव, राजे, राक्षस, नियम सगळं घरी बनवतात; याला होमब्रू म्हणतात. अशी एक गोष्ट महिनोन् महिने चालली की तिला कॅम्पेन म्हणायचं. हा शब्द आमच्याकडे फक्त जिल्हा परिषदेच्या वेळी ऐकू येतो, पण तिथेही बरंचसं काल्पनिकच असतं.

भाच्याचा सूर असा, की होमब्रू म्हणजे काहीतरी क्रांती आहे. त्यानं इतिहासही सांगितला, आणि खरं सांगायचं तर तो भाग मला फार आवडला. गॅरी गायगॅक्स नावाचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा माणूस. विम्याची नोकरी गेलेली, घरी बूट दुरुस्त करून संसार रेटणारा. त्यानं आणि एका मित्रानं 1971 मध्ये लुटुपुटीच्या लढायांचे नियम छापले आणि मागे गंमत म्हणून जादूगार नि ड्रॅगन जोडले. ते नियम मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनच्या हाती पडले. त्याला ते पुरेनात, म्हणून तो आपल्या घरच्या मेजावर त्यात भर घालत गेला आणि खेळणाऱ्यांना एका किल्ल्याखालच्या भुयारांत फिरवू लागला. मग दोघांनी मिळून जे केलं ते 1974 मध्ये विकायला निघालं: हजार पेट्या, प्रत्येकीत तीन लहान पुस्तकं, किंमत 10 डॉलर, पेट्या भरण्याचं काम घरातच. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लेखकांचा सूर असा, की इथून पुढची कल्पना तुमची तुम्ही लढवा, तीही आम्हीच कशाला? तयार जग कुणी विकत घेईल यावर कंपनीचाच विश्वास नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी 1976 मध्ये तयार शहर विकून दाखवलं, तेव्हा कंपनीलाही आपल्या कल्पनांची किंमत कळली.

म्हणजे बघा, मूळ खेळ हाच कुणीतरी दुसऱ्याच्या नियमांना घरी लावलेली ठिगळं. हे ऐकून आमच्या घरात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. छापील नियमानं खेळ खेळलेला माणूस बपेऱ्यात शोधून सापडणार नाही. मेंढीकोटाचे नियम गल्लीगणिक बदलतात. क्रिकेटमध्ये कुणाच्या माळवदावर चेंडू गेला तर कुठे सिक्सर, कुठे आउट, आणि एका घरापुरता सामना बरखास्त. मोक्षपट घ्या. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा हा खेळ. त्यातली शिडी पुण्याची, साप पापाचा आणि शेवट मोक्षात. साहेबानं तो उचलला, आत घरगुती दुरुस्त्या केल्या, मोक्ष काढून टाकला आणि शेवटच्या घरात नुसता 100 आकडा लिहिला. होमब्रूचा याहून धाडसी नमुना मला माहीत नाही.

तर खेळ भाऊबिजेच्या संध्याकाळी बसला. हलका धान घरात आलेला, भारी धानाचे पुंजणे अजून शेतात, मंडईच्या जत्रांचे दिवस. रिकामपण आणि पाहुणे दोन्ही मुबलक. खेळाडू चार: माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, शेजारचे काकाजी, वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले, राइस मिलचे मुनीमजी, आणि मी. बायकोनं लाखोळीचे वडे तळता तळता आतूनच भाग घेतला, आणि सगळ्यात जास्त माणसं तिनंच मारली.

आधी नकाशा उलगडला. वैनावती नावाची नदी, तिच्या उत्तरेला 'अंधारप्रदेश' (पलीकडच्या सोयऱ्यांना हे कळता कामा नये असं आईनं तिथल्या तिथे बजावलं), डोंगरावर अंबदुर्ग, त्यात ड्रॅगन. काकाजींनी चष्मा लावला आणि बोट एका रेघेवर टेकवलं.

"हा रस्ता कोणता, बाबू?"

"तुमसरहून येतो तोच. मी नाव बदललंय."

"सपाट दिसते."

"हो, नकाशात सगळे रस्ते..."

"ड्रॅगन मानला आमी," काकाजी म्हणाले, "पन हे काई खरं वाटत नाई."

भाच्यानं मुकाट्यानं रस्त्यावर खड्डे काढले. राज्याची विश्वासार्हता एकदम वाढली.

मग पात्रं घडवणं आलं. यात पहिला प्रश्न वंशाचा. एल्फ म्हणजे उंच, टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे. ड्वार्फ म्हणजे ठेंगणे, दाढीवाले, खाणीत राबणारे. 'वंश' शब्दावरून तिकडे बराच खल झाला आणि 2024 च्या नव्या पुस्तकातून तो काढून टाकला, असं भाच्यानं अभिमानानं सांगितलं. मुनीमजींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एल्फचं आडनाव काय रायते?"

"आडनाव नसतं, मुनीमजी."

"मंग कसं समजन?"

काय समजायचं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना समजलं. भाच्यानं पुण्यात शिकलेली सगळी मतं एकदाच गिळली आणि पुढचा तक्ता काढला.

हा तक्ता स्वभावाचा. आडवे तीन, उभे तीन, असे नऊ खण. कायदा पाळणारा, न पाळणारा, मधला. चांगला, वाईट, मधला. प्रत्येक पात्रानं एक खण निवडायचा आणि त्याला जागून वागायचं. काकाजींना एक खण पुरेना. "साहेबासमोर हा," असं म्हणून त्यांनी वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "साहेब गेल्यावर हा, आन लग्नाच्या पंगतीत हा." बोट तिरकं खाली सरकत गेलं. जवळजवळ पन्नास वर्षं जगभर लोक हे नऊ खण भरताहेत, पण पंगतीचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आईला राक्षसांमध्ये रस होता. भाच्यानं मोबाइलवर जुन्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. 1977 च्या त्यांच्या राक्षसकोशात आपला राक्षस आहे, 'राक्षस' याच नावानं. डोकं वाघाचं, अंगात उंची कपडे, हातात चिलीम. तो मरतो कसा? तर मंत्रून दिलेला बाण धनुकलीच्या यंत्रातून मारला तर. ही माहिती रामायणातून आलेली नाही. एका अमेरिकी टीव्ही मालिकेच्या 1974 मधल्या भागातून आलेली आहे. आईनं चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"हा राक्षस नोय," ती म्हणाली. "हा मालगुजार होय."

पुढे 1980 मध्ये त्यांनी देवांचंही पुस्तक काढलं आणि त्यात इंद्र, अग्नी, विष्णू, काली यांना प्रत्येकी किती प्राणबिंदू, अंगावर चिलखत कोणत्या दर्जाचं, याचे आकडे दिले. हे भाच्यानं आईला सांगू नये म्हणून मी त्याला डोळ्यानं खुणावलं. त्यानं सांगितलंच. आईनं विचारलं, मारुतीले किती? पुस्तकात तो सापडेना. "मंग ते पुस्तक राहू दे," आई म्हणाली, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच हाताला वीस बाजूंचा फासा सपरीवरून घरंगळत अंगणात वाळत घातलेल्या धानात गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून बराच धान चिवडला. मुनीमजी म्हणाले, काळजी नको, मिलमध्ये खडा म्हणून निघेल. पण मिल पुढच्या आठवड्यात, आणि काकाजी तर आत्ता या क्षणी भिंतीवर चढत होते. चढले की पडले याचा निकाल लागल्याशिवाय वडेही खात नव्हते.

आई उठली. देवळीतून एक डबी आणली आणि चार अर्धे चिंचोके जमिनीवर टाकले.

हे चिंचोके माझ्या लहानपणापासून घरात आहेत. चिंचोका मधोमध फोडायचा आणि फुटलेली बाजू दगडावर पाणी लावून घासायची. एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी, तुकतुकीत, हाताला गार लागणारी. अष्टाचंग खेळायला फासा म्हणून हेच. टाकले की जितकी पांढरी वर, तितकं दान: एक, दोन, तीन. चारही पांढरी पडली तर चंग, चारही तपकिरी पडली तर अष्टा, म्हणजे आठ. आणि चंग किंवा अष्टा पडलं की पुन्हा टाकायचं, हा हक्क.

भाचा क्षणभर खट्टू झाला; मग इंजिनिअर जागा झाला. त्यानं वहीत लिहायला सुरुवात केली. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याला सारखीच संधी. वीस पडण्याची संधी 20 मध्ये 1, आणि वीस म्हणजे महापराक्रम. चिंचोके दोन्ही बाजूंवर सारखेच पडतात असं धरलं तर 16 शक्यता. त्यातल्या 6 वेळा दोन, 4 वेळा एक, 4 वेळा तीन, एकदा चंग, एकदा अष्टा. म्हणजे चंग-अष्टा मिळून महापराक्रम 8 मध्ये 1 दा. वर पुन्हा टाकायचा हक्क.

"आजी, हे फार बलवान होतंय," तो कळवळून म्हणाला. "हीरो लोक मरणारच नाहीत."

"मरतेत काहून?" आईनं विचारलं. "दिवाळी हाय."

या खेळाच्या दुनियेत याला संतुलन म्हणतात, आणि घरी नियम बनवणाऱ्याची सगळी झोप याच्यातच जाते. आपण हौसेनं एक तलवार बनवावी आणि तिनं तीन फटक्यांत सगळं राज्य संपवावं. कागदावर गोजिरा दिसणारा राक्षस पहिल्या रात्री सगळ्या मित्रांना मारून टाकतो आणि मैत्री तुटते. भाच्यानं चिंचोक्यांसाठी रात्री उशिरापर्यंत नवे तक्ते केले, आणि मान्य करायला हवं, ते चांगले होते: साध्या कामाला दोन पुरे, अवघड कामाला तीन, आणि चंगचा हक्क एका माणसाला एका प्रसंगात एकदाच. आईनं हा शेवटचा नियम ऐकून घेतला आणि पाळला नाही. तिचं माहेर नदीपलीकडचं. माहेरी दोनदा चालतं म्हणाली.

माहेरचा आणखी एक नियम तिनं आणला. अष्टाचंगात समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही. तेव्हा कुणाला तरी मारल्याशिवाय अंबदुर्गाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. भाच्याच्या साठ पानांत दाराबाहेर मारण्यासारखं कुणीच नव्हतं. सगळे थांबले. शेवटी काकाजींनी तोडगा काढला.

"उंदीर मारा. जुन्या कायद्यात पाचव्या अनुसूचीत होता, कावळ्याच्या संगं. कोनी विचारनार नाई."

भाचा त्यांच्याकडे पाहतच राहिला. कारण, त्यानं नंतर मला सांगितलं, जगभरात या खेळातला नवखा वीर पहिल्यांदा जे मारतो ते तळघरातले उंदीरच. आमचे काकाजी तिथवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून पोहोचले.

खरी अडचण इथेच सुरू झाली. भाच्याच्या गोष्टीप्रमाणे राजा हजार सुवर्णमुद्रांचं बक्षीस लावतो, वीर किल्ल्यात शिरतात, कोडी सोडवतात, विषारी विहीर ओलांडतात आणि ड्रॅगनला मारतात. मुनीमजींनी आधी बक्षीस लेखी मागितलं. मुद्रा रोख की खात्यात? खात्यात, तर नोंदणीला सातबारा लागेल का? आणि धानखरेदीसारखं, ऐन वेळी बारदाना नाही म्हणून ड्रॅगन परत घेऊन जा असं तर नाही ना सांगणार? भाच्यानं राजाच्या वतीनं सगळ्याला हो म्हटलं. मुनीमजी म्हणाले, सगळ्याला हो म्हणते म्हणजे हा राजा निवडणुकीत उभा दिसते.

मग विहीर ओलांडून ड्रॅगनसमोर पोहोचलो, तर काकाजींनी तलवार खाली ठेवली.

"याले मारता येनार नाई."

"का? तुमच्या हातात चंग आलंय."

"चंग गेलं खड्ड्यात. दुर्मिळ प्रानी हाय. एकच हाय ना तुमच्या राज्यात? मंग पहिली अनुसूची. जामीन भेटत नाई बाबू. आपली पेन्शन बंद होईन."

भाच्यानं समजावलं, की हा काल्पनिक प्राणी आहे, त्यानं तीन गावं जाळली आहेत. काकाजींचा चेहरा उजळला. गावं जाळली म्हणता? मग रीतसर चला. आधी पंचनामा. जळालेली घरं, मेलेली जनावरं, पिकाचं नुकसान यांची नोंद, नुकसानभरपाईचा अर्ज, मग पिंजरा, मग गरज पडली तर बेशुद्धीचं इंजेक्शन, तेही वरून परवानगी आल्यावर. नवेगाव-नागझिरा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून हे सगळं पाठ. आणि मग त्यांनी आपल्या पद्धतीनं ड्रॅगनला रेडिओ कॉलर लावायचा विषय काढला, तसा मुनीमजींनी तो हाणून पाडला. नागझिऱ्याचा 'जय' वाघ उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन एवढा नावारूपाला आला, त्याच्या गळ्यात कॉलर होती. 2016 मध्ये नाहीसा झाला तो झालाच. उडणाऱ्या जनावराची काय कथा?

इथून पुढचा सबंध दुसरा दिवस आम्ही अंबदुर्गाच्या दारात बसून पंचनामा केला. गंमत म्हणजे हा दिवस फार रंगला. आई पंच म्हणून सही करायला तयार नव्हती, अंगठा देते म्हणाली. बायकोनं आतून एका जळालेल्या गोठ्यात दोन म्हशी जास्तीच्या लिहायला सांगितल्या. ड्रॅगनची जबानी घ्यायची टूम निघाली आणि ती भाच्याला आयत्या वेळी, वहीत न बघता, द्यावी लागली. ड्रॅगन म्हणाला, डोंगरातल्या खाणीच्या आवाजानं झोप लागत नाही. सगळे गंभीर झाले. खाणीच्या सुरुंगांबद्दल काकाजींनाही पुष्कळ सांगायचं होतं. त्यांनी ते ड्रॅगनला सांगितलं.

पण भाचा मात्र रात्री वही मांडीवर घेऊन उदास बसला होता. तेरा राजांची वंशावळ, मंत्रांच्या चार शाळा, तीन धर्म, त्यांच्यातले सतराशे साठ पंथभेद. एकानंही विचारलं नव्हतं. मला त्याची दया आली, पण आश्चर्य वाटलं नाही. स्वतःचं जग रचणाऱ्याचं त्या जगावर प्रेम बसतं. येणारा पाहुणा येतो तो चहाची टपरी कुठे आहे ते विचारत. तेराव्या राजाच्या आत्याला आजवर कोणत्याही खेळात, कोणत्याही देशात, कुणी विचारलेलं नाही.

त्या रात्री गावात मंडई होती. खडी गंमतीतले एक जुने सोंगाडे पाहुणे म्हणून आमच्याकडे उतरले होते. त्यांनी दुपारचा पंचनामा पाहिला होता आणि दोन ठिकाणी मनापासून हसले होते. त्यांनी भाच्याची वही हातात घेतली आणि वजन केल्यासारखी खालीवर केली.

"नाटक वडश्याहून येते ना, त्याले इतकं लागते," ते म्हणाले. "त्याईच्यात प्रॉम्टर रायते समोर बसून. तो सांगते, नट बोलते. आमच्यात कागदच नाई. राजा कोन, चोर कोन, भांडन कायचं, एवढं ठरवतो आन उभे रायतो. बाकीचं पब्लिक सांगते."

झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरचं महत्त्व खरंच तेवढं आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, कधी नवं नाटक, तालमीला वेळ कुठला? मंचापुढे बसलेला माणूस वाक्य पुरवतो आणि राजा ते गर्जतो. खडी गंमतीत मात्र डफ-तुणतुण्यावर माणसं उभ्याउभ्याच खेळतात आणि बोलणं जागेवर रचतात. गावात सकाळी काय भांडण झालं ते रात्री दरबारात निघतं. भाचा जन्मजात प्रॉम्प्टर होता आणि त्याला मिळाले होते चार सोंगाडे. आता तिकडचे मुरलेले मास्टरही नवख्यांना हेच सांगतात म्हणे, की कथानक लिहू नका, अडचण लिहा. वही घेऊन सोंगाडेबुवा मंडईला जायला निघाले तेव्हा भाच्यानं ती परत मागितली. "राहू दे," ते म्हणाले, "तेरा राजे हायत, तीन वर्षांचं काम होईन." वहीचं पुढे काय झालं माहीत नाही.

मुनीमजींना यात हक्काचा प्रश्न दिसला. कंपनीच्या खेळात आपण आपला माल घातला तर मालक कोण? भाचा म्हणाला, हाच वाद झाला होता. 2000 मध्ये कंपनीनं खुला परवाना दिला, की आमचे नियम वापरा, आपलं बनवा, विका. जानेवारी 2023 मध्ये तो परवाना आवळायचा बेत फुटला, त्यात मोठ्या कमाईवर वाटा मागायचं कलम होतं. घरोघरचे जगनिर्माते असे खवळले, की महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियमच परत घेता येणार नाही अशा परवान्यावर सगळ्यांना खुले केले. मुनीमजींनी मान डोलावली. "कराराची मूळ प्रत आपल्यापाशी असली पाहाजे," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

ड्रॅगनचं मिटलं नव्हतं. मारता येत नाही, पकडायची परवानगी येत नाही, राजा बक्षिसाची फाइल पुढे सरकवत नाही. मार्ग आईनं सुचवला, आणि आमच्या गावात जन्म काढलेल्या बाईलाच तो सुचू शकतो.

"नदीपल्याड हाकला."

सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. 2022 च्या अखेरीस रानहत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला होता, तेव्हा गावोगावचे लोक काय करत होते? रात्री मशाली, डबे, फटाके, आणि एकच ध्यास, की हत्ती आपल्या शिवेबाहेर जावेत. पलीकडे गेले की ती पलीकडच्यांची डोकेदुखी. आम्ही तीच युक्ती लावली. भाच्यानं वहीशिवाय, मोकळ्या हातानं, तो प्रसंग असा रंगवला की वडे गार झाले. मशाली पेटल्या, बायकोनं आतून परात बडवली, काकाजींनी 'मागं व्हा, मागं व्हा, फोटो काढू नका' असं काल्पनिक गर्दीला दरडावलं. आईनं चिंचोके टाकले. अष्टा. पुन्हा टाकले. चंग. माहेरच्या नियमानं तिसऱ्यांदाही टाकणार होती, पण तोवर ड्रॅगन पूल ओलांडून गेला होता. मुनीमजींनी पुलावर नाका बसवला आणि पंचनाम्याखाली शेरा मारला: सदर प्राणी आता आपल्या हद्दीत नाही.

भाचा पुण्याला गेला. खेळ आता फोनवर चालतो, दर रविवारी. काकाजी पेन्शनच्या दिवसाइतकी रविवारची वाट बघतात. फासा मिलमध्ये निघाला नाही. कुणाच्या तरी तांदळात तो नागपूरला गेला असावा.

गेल्या रविवारी आईच्या माहेरून, बालाघाट जिल्ह्यातून, मामेभावाचा फोन आला. त्यालाही खेळायचं होतं. त्याच्या शिवारात एक ड्रॅगन शिरलाय आणि तो महाराष्ट्रातून आलाय अशी पक्की खबर त्याच्याकडे होती. भाच्यानं विचारलं, तुमचं पात्र कोणतं? तो म्हणाला, "नाकेदार." आणि पहिलाच प्रश्न त्यानं काकाजींना टाकला, "भाऊ, जनावर बिना परमिट के कैसे भेजे?"

काकाजी सध्या मागच्या तारखेचा वाहतूक परवाना तयार करताहेत. अवघड काम आहे, तीन पडावं लागतं.